ट्रंकेतल्या फ्लॉप्या आणि एका बाइटाची गोष्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर आवरताना वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत वीसेक फ्लॉप्या, सी भाषेवरची तीन पुस्तके, एका पतसंस्थेच्या डॉट मॅट्रिक्सवर छापलेल्या याद्या आणि ‘प्रिन्स’ असे पेनाने लिहिलेले एक पाकीट सापडले, तुम्ही स्वतः संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, तेव्हा या सामानातून आज शिकण्यासारखे काही आहे का, की ते आठवण म्हणून नुसते जपायचे, आणि फ्लॉप्यांवरचे काही बाहेर काढता येईल का. १९९१ पासून पुढची बारा वर्षे मी कोल्हापूर-सांगली भागातल्या पतसंस्था आणि दूध संस्थांचे हिशेब डीबेस आणि फॉक्सप्रो या नोंदी साठवणाऱ्या साधनांत लिहून देत होतो. त्यामुळे तुमच्या वडिलांची ट्रंक न पाहताही मला बरीचशी ओळखीची वाटते.

जुन्या सॉफ्टवेअरविषयी माझ्या वयाची माणसे बोलू लागली की हमखास गोड बोलतात, म्हणून आधीच सांगतो की प्रत्यक्षात ते फार चांगले नव्हते. ते अडकत असे, वीज गेली की सकाळपासूनचे काम सोबत घेऊन जात असे, आणि दोघांनी एकाच वेळी एक फाइल उघडली तर काय होईल याचा विचार ते लिहिणाऱ्याने (म्हणजे बहुतेक वेळा मीच) केलेलाच नसे. तरीही त्याच्यात एक गुण होता: ते सगळेच्या सगळे एका माणसाच्या डोक्यात मावत असे. फाइलमधला प्रत्येक बाइट कशासाठी आहे आणि पडद्यावरचे अक्षर कोठून आले, हे दोन पुस्तके आणि थोडा हट्ट यांच्या बळावर शोधून काढता येत असे. तुमच्या ट्रंकेतून घेण्यासारखे आहे ते एवढेच, पण ते नुसते सांगून कळत नाही, म्हणून काही प्रसंग जरा जवळून दाखवतो.

आम्ही शिकलो तो संगणक वर्ग एका वाड्याच्या माडीवर होता. चपला बाहेर काढाव्या लागत, कारण आत वातानुकूलन होते आणि धुळीने यंत्र बिघडते अशी सरांची श्रद्धा होती. यंत्रे एक्सटी (जुन्या पीसीचा एक प्रकार), मेमरी ६४० केबी, हार्ड डिस्क नाही. एका खाचेत डॉसची (यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रणालीची) फ्लॉपी, दुसऱ्या खाचेत आपली, आणि ती आपली म्हणजे सव्वापाच इंची, ३६० केबीची. तिच्या कडेला एक चौकोनी खाच असे. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. पुढे साडेतीन इंची फ्लॉप्या आल्या तेव्हा नियम बरोबर उलटा झाला, खिडकी उघडी असेल तर फ्लॉपी सुरक्षित, आणि या उलटापालटीत माझ्या एका मित्राचा प्रकल्प सादरीकरणाच्या आदल्या दिवशी पुसला गेला.

त्या वर्गातली यंत्रे एकरंगी होती, हर्क्युलिस कार्डाची (पडद्यावर मजकूर पाठवणाऱ्या कार्डाची), आणि त्या एकरंगीपणाने मला पहिला खरा धडा शिकवला. सी शिकताना एका पुस्तकात वाचले होते की पडदा म्हणजे मेमरीचा एक तुकडाच असतो: ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक अक्षराला दोन बाइट, पहिल्यात अक्षर आणि दुसऱ्यात त्याचा रंग, असे एकूण ४,००० बाइट. पुस्तकातला कार्यक्रम (प्रोग्रॅम) सहा ओळींचा होता. त्यात एक ‘फार’ म्हणजे दूरचा पॉइंटर बी८०० या सेगमेंटवर, म्हणजे मेमरीच्या त्या तुकड्यावर, रोखायचा आणि तेथे थेट इंग्रजी ए लिहायचा, कोणत्याही छपाईच्या फंक्शनाशिवाय अक्षर पडद्यावर उमटायला हवे होते. मी तो जसाच्या तसा उतरवला, चालवला, आणि काहीही झाले नाही. चूक दाखवणारी ओळही आली नाही. अर्धा दिवस मी अर्धविराम आणि कंस तपासत बसलो. शेवटी पुस्तकाच्या त्याच पानावर, तळाशी बारीक टाइपात, एक वाक्य दिसले: एकरंगी कार्ड असेल तर बी८०० ऐवजी बी००० वापरावे. मी एक आकडा बदलला आणि डाव्या कोपऱ्यात अक्षर आले.

तो आनंद आज समजावून सांगणे कठीण आहे, आणि तसा प्रयत्न मी करणारही नाही. पण त्या दिवसापासून पडदा ही माझ्या दृष्टीने जादूची वस्तू राहिली नाही. ती ४,००० बाइटांची एक पट्टी झाली, जिच्यावर मी हात ठेवू शकत होतो. तळटीपा वाचण्याची सवयही तेव्हाच लागली.

पुस्तकांकडे वळतो, कारण तुमच्या ट्रंकेत तीन आहेत आणि तुम्ही त्यांची नावे विचारपूर्वक दिली आहेत. पहिले, कर्निहन आणि रिची यांचे, १९७८ मध्ये आलेले आणि १९८८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत सुधारलेले, हे आजही वाचण्याजोगे आहे. ते २७२ पानांचे आहे आणि त्यात एकही वाक्य पान भरण्यासाठी लिहिलेले नाही. त्याची भारतात छापलेली स्वस्त आवृत्ती पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळत असे. मी ती तीन महिने पैसे साठवून घेतली आणि पहिल्या वाचनात मला ती अजिबात कळली नाही. लेखक हुशार वाचक गृहीत धरतात आणि प्रत्येक गोष्ट एकदाच सांगतात. त्यांची थट्टासुद्धा चोरटी आहे: सूचीत ‘रिकर्शन’ (स्वतःकडेच परत वळणे) या शब्दापुढे जे पृष्ठक्रमांक दिले आहेत त्यांत २६९ आहे, आणि २६९ हे सूचीचे तेच पान आहे. हे मला पुस्तक घेतल्यानंतर दोन वर्षांनी कळले.

दुसरे पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे आहे, आणि त्याने माझ्यासारख्या मुलांसाठी काय केले हे नीट समजून घ्यायला हवे. जिल्ह्याच्या गावातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकांतला मजकूर दुहेरी अवघड वाटतो: भाषा परकी आणि विषयही परका. कानेटकर सोप्या, बोलल्यासारख्या इंग्रजीत लिहितात, छोटे छोटे कार्यक्रम देतात आणि विद्यार्थी कोठे अडखळणार हे त्यांना आधीच ठाऊक असते. सी न शिकलेल्या शिक्षकांच्या हाताखालीही आम्ही सी शिकलो, ते अशा पुस्तकांमुळे. मेमरीत दबा धरून बसणारे कार्यक्रम कसे लिहायचे यावरही त्यांचे एक पुस्तक होते, आणि ते आमच्या वर्गात मूळ प्रतीपेक्षा झेरॉक्समध्येच जास्त फिरले, हे मी कबूल करतो.

तिसऱ्या पुस्तकाविषयी, म्हणजे टर्बो सी कसे वापरावे या जाडजूड ग्रंथाविषयी, माझे मत कडक आहे. तो आता केवळ इतिहास म्हणून ठेवा. बोरलँडने १९८७ मध्ये टर्बो सी आणले तेव्हा ती फार मोठी गोष्ट होती: एकाच निळ्या पडद्यावर लिहा, त्याच ठिकाणी संकलित करा, चूक असेल त्या ओळीवर उडी मारा, आणि हे सारे साध्या यंत्रावर काही क्षणांत. पण आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांनी तो निळा पडदा त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षे सोडला नाही. त्यामुळे व्हॉइड मेन, कोनिओ, क्लियरस्क्रीन अशा त्या एका साधनापुरत्या असलेल्या सवयी मुलांना भाषेचाच भाग वाटू लागल्या, आणि ३२,७६७ मध्ये एक मिळवल्यावर उणे ३२,७६८ का येते याचे कारण पूर्णांक १६ बिटांचा आहे हे असूनही ते ‘सीमध्ये तसेच येते’ म्हणून पाठ केले गेले. मुलाखतींमध्ये अशी उत्तरे मी अनेकदा ऐकली आहेत आणि दर वेळी दोष मुलांचा नाही हे मला माहीत असे.

आता त्या याद्यांकडे येतो. तुम्ही लिहिले आहे की त्यांच्या माथ्यावर फाइलचे नाव आहे आणि शेवटी डीबीएफ असे आहे. ही तीन अक्षरे म्हणजे माझी बारा वर्षांची भाकरी, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. डीबेसचा मूळ कार्यक्रम वेन रॅटलिफ नावाच्या अमेरिकन अभियंत्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लिहिला, कार्यालयातल्या फुटबॉलच्या पैजेत जिंकायला मदत व्हावी म्हणून. त्यातून पुढे डीबेस आले, त्याच्या पाठोपाठ क्लिपर आणि फॉक्सप्रो आले, आणि आपल्याकडच्या सहकारी संस्थांची खतावणी त्यावर उभी राहिली. कंपन्या आल्या, विकल्या गेल्या (फॉक्स १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली), पण फाइलची रचना साधारण तीच राहिली.

ती रचना अशी. फाइलच्या आरंभी ३२ बाइटांचे एक शीर्ष. त्यात पहिला बाइट प्रकार सांगणारा, पुढचे तीन शेवटच्या बदलाची तारीख, त्यापुढचे चार म्हणजे नोंदींची संख्या, नंतर दोन बाइट शीर्षाची लांबी आणि दोन बाइट एका नोंदीची लांबी. मग प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइट, शेवटी एक खूण, आणि त्यानंतर सगळ्या नोंदी एकामागून एक, प्रत्येक ठरावीक लांबीची. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट कोरा किंवा चांदणी. डिलीट केले म्हणजे नोंद कोठे जात नाही, तिच्या कपाळावर फक्त चांदणी लागते. रिकॉल म्हटले की चांदणी पुसली जाते. पॅक म्हटले की मगच ती खरोखर जाते. एका संस्थेत ‘चुकून’ पुसलेल्या चाळीस कर्जखात्यांची गोष्ट या चांदणीमुळे लेखापरीक्षकांसमोर उलगडली होती, पण त्यात मला अधिक शिरायचे नाही.

वीज जाण्याची गोष्ट मात्र सांगतो. १९९४ चा मार्च महिना, एका पतसंस्थेत वर्षअखेरीच्या नोंदी चालू होत्या, यूपीएसची बॅटरी दम टाकलेली, आणि दुपारी लोडशेडिंग झाले. वीज परत आल्यावर लेखनिक बाईंनी फाइल उघडली तर सकाळपासूनच्या ३५ नोंदी गायब. त्यांच्याकडे भरणापावत्यांची पुस्तके होती, पुन्हा भरता आले असते. पण त्या रडकुंडीला आल्या होत्या, आणि मलाही बघायचेच होते. डिर (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) करून पाहिले तर फाइलचा आकार ३,२७,९७० बाइट. रकाने १२, म्हणजे शीर्ष ३२ अधिक १२ गुणिले ३२ अधिक १, एकूण ४१७. शेवटच्या खुणेचा एक बाइट वेगळा. उरले ३,२७,५५२. एका नोंदीची लांबी ९६. भागाकार केला तर बरोबर ३,४१२, बाकी शून्य. आणि फॉक्सप्रो मात्र म्हणत होते की नोंदी ३,३७७ आहेत.

म्हणजे नोंदी फाइलमध्ये होत्या. फक्त शीर्षातला आकडा मागे राहिला होता, कारण तो फाइल बंद करताना लिहायचा आणि त्याआधीच वीज गेली. मी फाइलची प्रत काढली, डॉसचा डीबग (बाइट पाहण्या-बदलण्याचे साधन) चालू केला, त्या प्रतीवर. डीबग फाइल १०० या पत्त्यावर उतरवतो, म्हणून संख्येचे चार बाइट १०४ पासून. तेथे षोडशमान पद्धतीत ३१, ०डी, ००, ०० असे होते. ३,४१२ म्हणजे ०डी५४, आणि धाकटा बाइट आधी लिहायचा असतो. म्हणजे ३१ च्या जागी ५४. एक बाइट. ई १०४, ५४, डब्ल्यू, क्यू: म्हणजे बदला, लिहा, बाहेर पडा. फाइल उघडली, ३५ नोंदी जागेवर. बाईंनी चहा मागवला आणि मी काहीतरी मोठे केल्यासारखा चेहरा करून तो प्यायलो. (दर वेळी नशीब असे नसे. पुष्कळदा नोंदींचा मजकूर डिस्कवर गेलेला असे, पण डिरमधला आकारही जुनाच राही; मग चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेने गोळा केलेल्या बेवारस तुकड्यांमधून तो वेचावा लागे, आणि कधी तोही नसे.)

याच रचनेने दोन हजार सालचा धडाही दिला. डीबीएफमध्ये तारीख आठ अक्षरांत ठेवतात, चार वर्षाची, दोन महिन्याची, दोन दिवसाची, म्हणजे साठवणीत दोष नव्हता. दोष आमच्या आळसात होता. पडद्यावर जागा वाचावी म्हणून आम्ही वर्ष दोन अंकी ठेवत असू, आणि सेट सेंच्युरी ऑन ही एक ओळ लिहिली नसेल तर ०० टाइप केल्यावर यंत्र सरळ १९०० समजत असे. लोकांना वाटते की ही अडचण ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री आली. पतसंस्थांमध्ये ती १९९५ मध्येच आली, कारण पाच वर्षांच्या मुदतठेवीची परतीची तारीख त्याच वर्षी २००० मध्ये पडू लागली. माझ्या स्वतःच्या कार्यक्रमाने एका निवृत्त शिक्षकांच्या ठेवीवर उणे पंचाण्णव वर्षांचे व्याज काढले आणि ते त्यांनीच पावती वाचून मला दाखवले.

मराठी अक्षरांचा प्रश्न वेगळाच होता. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवले की डीबेस किंवा वर्डस्टार (मजकूर लिहिण्याचा कार्यक्रम) यांसारख्या इंग्रजी कार्यक्रमांतच देवनागरी उमटत असे, आणि त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांना एकच क्रम देण्याची तिची कल्पना मला अजूनही सुरेख वाटते. युनिकोड या आजच्या संकेतप्रणालीतल्या देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतली आहे. कार्ड महाग होते, त्यामुळे बहुतेक संस्थांनी नावे इंग्रजीतच भरली, आणि ‘पाटील’ हे आडनाव एकाच फाइलमध्ये चार प्रकारांनी सापडे. विंडोज आल्यावर प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्यातल्या अक्षरांच्या जागाही वेगळ्या. तुमच्या फ्लॉप्यांमधले एखादे मराठी पत्र उघडल्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसली तर ते बिघडलेले आहे असे समजू नका. कोणत्या फाँटात लिहिले हे कळले की रूपांतर होते. आणि वर्डस्टारच्या जुन्या इंग्रजी पत्रांत प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र दिसले तर त्याचे कारण एवढेच की वर्डस्टार त्या अक्षराचा आठवा बिट आपल्या सोयीसाठी चालू ठेवत असे. तो बंद करा, पत्र वाचता येईल.

आता ‘प्रिन्स’, म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. हा खेळ जॉर्डन मेकनरने ॲपल टू या यंत्रासाठी लिहिला, १९८९ मध्ये, आणि आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली ती पुढच्या वर्षी आलेली डॉसची आवृत्ती. साठ मिनिटांत बारा पातळ्या ओलांडून राजकन्येपर्यंत पोहोचायचे. त्यातला माणूस ज्या तऱ्हेने धावे, कड्याला लोंबकळे, थांबताना पाय घसरवे, ते इतर कोणत्याही खेळात नव्हते, कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले होते आणि चौकटीमागून चौकट उतरवून घेतली होती. पहिल्या पातळीनंतर अनेक कुप्यांची एक खोली लागे. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते, ते ओळखून त्या अक्षराची कुपी प्यायची. चुकीची प्यायली तर खेळ पुढे सरकत नसे. आमच्याकडे पुस्तिका कोठून असणार? आम्ही सात-आठ जणांनी मिळून चुकत चुकत उत्तरांचा एक तक्ता तयार केला आणि तो माझ्या बीजगणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर होता. ती नक्कल होती, चोरीच होती, आणि आज स्वतः सॉफ्टवेअर विकून जगल्यानंतर मी तिचे समर्थन करत नाही. त्या वेळी अस्सल प्रत विकणारे दुकान आमच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आत नव्हते, हेही तितकेच खरे.

चौथ्या पातळीत आरशातून राजपुत्राची सावली बाहेर पडते आणि पुढे ती त्याला छळत राहते. शेवटी तिच्याशी तलवारीने लढलात तर तिच्यावरचा प्रत्येक घाव तुम्हालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्या दिशेने चालत गेले की दोघे एक होतात. हे कळायला आम्हाला महिना लागला. पण मला त्याहून मोठी गंमत पुढे बऱ्याच वर्षांनी कळली. राजपुत्राच्या हालचालींनीच ॲपल टूची मेमरी भरून गेली होती आणि नव्या शत्रूच्या चित्रांसाठी जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रे एक बिट सरकवून त्यांचा त्यांच्याशीच एक्सॉर केला (दोन बिट वेगळे असतील तेथेच १ ठेवणारी क्रिया). जी धुरकट, लुकलुकणारी आकृती तयार झाली तीच सावली. ज्या पात्रामुळे खेळाची गोष्ट लक्षात राहिली ते पात्र जागेच्या टंचाईतून जन्मले. तुम्ही मागाल तेवढी मेमरी मिळणाऱ्या काळात शिकत आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या खेळाचा तुमच्या ट्रंकेशी आणखी एक संबंध आहे. त्याचा मूळ लिखित कोड मेकनरकडून हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांनी कपाटात सापडलेले एक खोके त्याला पाठवून दिले आणि त्यात त्या फ्लॉप्या निघाल्या. जुनी यंत्रे सांभाळणाऱ्या जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि तो सगळा कोड आता कोणालाही वाचायला खुला आहे. तो ६५०२ या प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत आहे. टिपणे इतकी स्वच्छ आहेत की तेवढी मी माझ्या कोणत्याही कार्यक्रमात लिहिली नाहीत.

डॉसचे खेळ आज चालवायला डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम, पुरेसा आहे. तो २००२ पासून आहे आणि त्यात यंत्राचा वेग कमी-जास्त करता येतो. हा वेगाचा मुद्दा गौण नाही. त्या काळचे पुष्कळ खेळ यंत्राच्या वेगावरच आपली चाल मोजत, म्हणून वेगवान यंत्रावर ते क्षणात संपत आणि डब्यावरचे टर्बोचे बटण खरे तर वेग कमी करण्यासाठीच दाबले जाई. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक कार्यक्रम तर पेंटियम टू आल्यावर सुरूच होईनात, ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडत. ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजून त्या संख्येला ५५ ने भागायचे, आणि यंत्र इतके जलद झाले की भागाकार १६ बिटांत मावेना. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासच हे घडू लागल्याने आम्ही कित्येक दिवस समजत होतो की २०० हा आकडा वेगाचा आहे. तो शून्याने भागण्याच्या चुकीचा साधा क्रमांक होता.

फ्लॉप्या यंत्रात घालण्यापूर्वी मात्र थांबा. साडेतीन इंची फ्लॉपीची झडप सरकवून आणि सव्वापाच इंचीच्या उघड्या फटीतून चकती प्रकाशात पाहा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ती नसेल तरच नवल. तशी फ्लॉपी वाचायला घातली तर ती स्वतः खरवडली जाईल आणि ड्राइव्हचे डोके घाण करून पुढच्या चांगल्या फ्लॉपीचेही नुकसान करील. चांगल्या दिसणाऱ्या फ्लॉप्या आधी सुरक्षित करा: साडेतीन इंचीची खिडकी उघडी, सव्वापाच इंचीच्या खाचेवर पट्टी. हे केवळ चुकीने पुसले जाऊ नये म्हणून नाही. त्या काळच्या फ्लॉप्यांमध्ये विषाणूंची वस्ती असे, आणि १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ तर ५ जानेवारीला यंत्र अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला लावत असे. आमच्या कार्यालयातल्या जोश्यांना त्यावरून जे ऐकावे लागले ते वेगळेच. आजच्या यंत्राला तो काही करणार नाही, पण खऱ्या जुन्या यंत्रावर प्रयोग करणार असाल तर लक्षात ठेवा.

साडेतीन इंचीसाठी यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि ग्रीसविझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखे वाचक उपकरण लागते. ते नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा छंदिष्टाकडे फ्लॉप्या न्या. कोणतीही फ्लॉपी फाइल-फाइल करून वाचू नका. एकदाच, अथपासून इतिपर्यंत, तिची पूर्ण प्रतिमा घ्या आणि पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर करा, कारण काही फ्लॉप्या एकदाच वाचू देतात. तसेच ३६० केबीची एखादी फ्लॉपी वाचली जात नसेल तर ती १.२ एमबीच्या ड्राइव्हवर वाचून पाहा, कदाचित ती तशाच ड्राइव्हवर लिहिलेली असेल. त्या ड्राइव्हचे डोके अरुंद, त्याने लिहिलेली रेघही अरुंद, आणि जुन्या रुंद डोक्याला तिच्या शेजारचे जुने अवशेषही ऐकू येतात, म्हणून ती ३६० च्या ड्राइव्हवर नीट वाचली जात नाही.

तुम्ही लिहिले आहे की पाच फ्लॉप्यांच्या एका संचावर १ ते ५ असे आकडे आहेत आणि त्यातली तिसरी नाही. हा बहुधा डॉसच्या बॅकअप आज्ञेचा संच आहे. प्रत्येकीवर बॅकअप आणि कंट्रोल अशा दोन फाइली दिसतील, शेपटीला फ्लॉपीचा क्रमांक लावलेल्या: पहिलीत मजकूर सलग ओतलेला, दुसरीत कोणती फाइल कोठे सुरू होते त्याची नोंद. हा संच परत उतरवणाऱ्या रिस्टोअर आज्ञेला पाचही फ्लॉप्या लागतील आणि तो तिसरीपाशी अडून बसेल. तुम्ही त्याच्यावर अवलंबून राहू नका. पहिल्या फ्लॉपीच्या मजकुरात ०३ ने सुरू होणारे शीर्ष शोधा, शून्यापासून मोजून आठव्या आणि दहाव्या बाइटापासून लांब्या वाचा, आणि चौथ्या-पाचव्या फ्लॉपीवरच्या नोंदी त्या लांबीने कापत जा. छापील यादीतली नावे आणि रकमा जुळवून पाहता येतील, म्हणजे कापण्याची सुरुवात बरोबर झाली की नाही ते लगेच समजेल. हे काम तुमच्या पायथनच्या तीस-चाळीस ओळींचे आहे.

आणि तिसरी फ्लॉपी हरवली असे समजण्याआधी ती जाड टर्बो सीची प्रत एकदा उलटी धरून झटका. चालू कामाची फ्लॉपी वाकू नये म्हणून आम्ही ती सर्वांत जाड पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याआड ठेवत असू.